कूस बदलता येत नाही तेव्हा: खुब्याच्या टेंडनचं ऑपरेशन आणि झोप

रातराणी (रात्री २:५०)

उजव्या खुब्याच्या टेंडनचं (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचं) ऑपरेशन होऊन आज ३४ दिवस झाले. टाके सुकले, सूज उतरली, कुबड्यांची सवय झाली. झोप तेवढी परत आलेली नाही. लागते ती तास-दीड तासाची. मग पाठ भरून येते, टाच गादीला टेकून टेकून जळजळायला लागते आणि कूस बदलायची इतकी अनावर इच्छा होते की डोळ्यांत पाणी येतं. जन्मभर उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली बाई मी. उताणं झोपणं म्हणजे मला परक्या घरी झोपल्यासारखं वाटतं.

थोडं मागचं सांगते. वय ५७. प्राथमिक शाळेत २९ वर्षं शिकवलं, म्हणजे दिवसचा दिवस उभी. तीन वर्षांपूर्वी खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, हाताला हाड लागतं तिथे, दुखायला लागलं. दिवसा चालून जायचं. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग. पहिल्या डॉक्टरांनी सायटिका सांगून कमरेचे व्यायाम दिले. दुसऱ्यांनी बर्सा, म्हणजे हाडावरची पाण्याची छोटी पिशवी, सुजलाय म्हणून इंजेक्शन दिलं. दीड महिना इतकं बरं वाटलं की मी देवाला नारळ फोडला. मग परत तेच. अशी तीन इंजेक्शनं झाली. शेवटी शेजारीण म्हणाली, "बाई, तुम्ही हल्ली एका अंगाला झुकून चालता." एमआरआय केला तेव्हा कळलं, ग्लुटियस मीडियस नावाच्या स्नायूचं टेंडन हाडापासून बरंचसं सुटलं होतं.

या तीन वर्षांत रात्री झोप कशी लागते, असं मला एकाही दवाखान्यात विचारलं गेलं नाही. "दुखणं दहापैकी किती?" हे सगळ्यांनी विचारलं. मी दिवसाचा आकडा सांगायची, चार. रात्रीचा आठ होता. तो विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. पाळी जायच्या वयात रात्री घाम फुटून जाग यायचीच, त्यातच हेही मिसळून गेलं. आपलं वय झालं, झोप कमी होणारच, असं मीच मला समजावत राहिले.

डिस्चार्ज कार्डावर सगळं आहे. पायावर किती भार, गोळ्या कधी, पट्टी कधी. झोपेबद्दल एकच ओळ: "दोन्ही पायांमध्ये उशी ठेवणे." कुठली उशी, किती जाड, गुडघ्याशी की पावलाशी, मध्यरात्री घसरली तर काय करायचं, काही नाही.

ज्यांनी हे ऑपरेशन केलंय किंवा घरात कुणाचं बघितलंय त्यांनी कृपया लिहा. कसे झोपलात? कुशीवर कधी वळलात? झोपेच्या गोळीचं काय? मला उपदेश चालेल, पण बारीकसारीक तपशिलासह.

अबोली (सकाळी ७:१५)

वाचतेय. माझ्या आईचं हेच ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. तिला दोन वर्षं डाव्या कुशीवर झोपता येत नाही. तुमचं लिहिणं तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "म्हणजे मी एकटी नाही."

फिजिओ_नाशिक (दुपारी १:३०)

ताई, तुमच्या एकेका वाक्याशी माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे चेहरे डोळ्यांपुढे आले. हो, बहुतेक बायकाच. हा आजार चाळिशी-साठीच्या दरम्यानच्या स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. पूर्वी सरसकट "बर्सायटिस", म्हणजे बर्साची सूज, म्हणायचे. एमआरआय आणि सोनोग्राफी सर्रास व्हायला लागल्यावर लक्षात आलं की मूळ दुखणं बहुतेकदा टेंडनचं असतं, बर्सा नुसता सोबतीला सुजतो. खांद्याला फिरवणाऱ्या टेंडनांचा जो गट, रोटेटर कफ, त्याच्यासारखंच हे खुब्याचं रोटेटर कफ, असं आम्ही रुग्णांना समजावतो.

रात्रीच का दुखतं ते सांगते, कारण ते कळलं की उशीचं कोडं सुटतं. खुब्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याला ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस ही दोन टेंडनं चिकटतात. त्यांच्यावरून मांडीच्या बाहेरचा जाड पट्टा, आयटी बँड, खाली गुडघ्यापर्यंत जातो. दुखऱ्या कुशीवर झोपलं की शरीराचं वजन थेट त्या उंचवट्यावर येतं, हे कुणालाही समजेल. पण चांगल्या कुशीवर झोपलं तरी दुखतं, आणि तिथे बायका गोंधळतात. वरचा पाय पुढे घसरून आतल्या बाजूला, गादीकडे लोंबतो. पाय असा आत आला की तो पट्टा ताणला जाऊन टेंडनला हाडावर दाबून धरतो. तासन् तास. पायावर पाय टाकून बसणं, एका पायावर भार देऊन कंबर एका बाजूला टाकून उभं राहणं, मूल एकाच कडेवर घेणं, या सगळ्यांत हाच दाब येतो. शाळेत फळ्यापाशी तुम्ही कशा उभ्या राहायचात ते आठवून बघा.

आता उशी. ती फक्त गुडघ्यांत ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि मांडी आत वळते. म्हणून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण लांबीची हवी. आपल्याकडचा बैठकीतला लोड यासाठी उत्तम, फक्त कापूस दडपून बसलेला आणि कडक असावा. मऊ फायबरची उशी तासाभरात चपटी होते. वरचा गुडघा खुब्याच्या रेषेत राहील इतकी जाडी पाहिजे. घसरू नये म्हणून जुन्या ओढणीनं वरच्या मांडीला सैल बांधा. उताणं झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये तोच लोड, गुडघ्यांखाली पातळ घडी आणि घोट्याखाली मऊ पंचा गुंडाळून, म्हणजे टाच अधांतरी राहील आणि जळजळ थांबेल. गुडघ्याखाली जाड उशी कायम ठेवू नका, खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो.

ऑपरेशननंतर चांगल्या कुशीवर कधी वळायचं हे तुमच्या सर्जनना विचारूनच. टाका किती मोठा, टेंडन धरून ठेवायला हाडात किती अँकर (खुंट्या) बसवलेत, टेंडनची प्रत कशी होती, यावर ते ठरतं. काहीजण उशी घट्ट असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात परवानगी देतात, काही सहा आठवडे थांबवतात. ऑपरेशनच्या कुशीवर मात्र घाई नाही. टेंडनला हाडाशी नीट धरायला साधारण १२ आठवडे लागतात. वळताना खांदा, कंबर, पाय एकत्र, ओंडका लोळवावा तसं, आणि लोड पायांत धरूनच. पाय एकटा बाजूला उचलायचा नाही, तेच काम त्या टेंडनचं आहे.

ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी छापून आली, २०४ रुग्णांची. योग्य सवयी शिकवणं आणि व्यायाम, एकच स्टिरॉइड इंजेक्शन, किंवा नुसतं थांबून बघणं, अशी तुलना होती. आठ आठवड्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण व्यायामवाल्या गटात सुमारे ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटात ५८, थांबलेल्यांत २९. त्यातले रुग्ण तुमच्यासारखे टेंडन सुटलेले नव्हते, म्हणून तुमच्या ऑपरेशनला हे लागू नाही. पण वाचणाऱ्या ज्या बायका अजून पहिल्या पायरीवर आहेत, त्यांनी झोपण्याची पद्धत आजपासून बदलावी. तो उपचाराचाच भाग आहे.

पंचगंगा (रात्री ९:०५)

ताई, माझं प्रकरण जरा वेगळं. पण खुब्याच्याच टेंडनचं. कबड्डीत पाय फाकला आणि मांडीमागचं टेंडन बसायच्या हाडापासून उपटून निघालं. ऑपरेशन करून परत शिवलं. मला गुडघा वाकवून ठेवायचा पट्टा होता, उताणं झोपलं की टाके दाबले जायचे, पालथं झोपायची सोय नव्हती. पहिले दहा दिवस मी आरामखुर्चीत, एका ढुंगणावर टेकून काढले. घरात वडिलांच्या झोपेच्या गोळ्या होत्या, दहा दिवसांनी त्यातली रोज अर्धी घेतली. गाढ झोप. दोन आठवड्यांत माणसात आलो. तुम्हीही डॉक्टरकडनं मागून घ्या, उगाच जीव आटवू नका.

भूलतज्ज्ञ (रात्री ११:४०)

पंचगंगा, तुमचं हाल वाचून वाईट वाटलं, तरीही हे लिहिणं भाग आहे. दुसऱ्याची झोपेची गोळी ऑपरेशननंतर घेऊ नका. आपल्याकडे या काळात दुखण्यावर ट्रामाडॉल सर्रास दिलं जातं. ते अफूच्या जातीचं औषध. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी त्याच्या जोडीला गेली की दोन्ही मिळून श्वास मंदावतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये या जोडीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. त्यातून ज्याला घोरण्याचा आजार आहे आणि जो पहिल्यांदाच उताणा झोपतोय, त्याच्यासाठी हे फार धोक्याचं. उताणं झोपलं की जीभ मागे पडते आणि श्वास अडतो.

म्हणून ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटतात तेव्हा घोरण्याबद्दल सांगा. लाजू नका, बायका तर हमखास लपवतात. आमच्याकडे आठ प्रश्नांची एक साधी यादी आहे, स्टॉप-बँग म्हणतात, २००८ साली टोरंटोत तयार झाली. मोठ्यानं घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, रक्तदाब, वजन, वय, गळ्याचा घेर आणि पुरुष की स्त्री. तीन किंवा जास्त "हो" आले की आम्ही सावध होतो, औषधं बदलतो, डोकं उंच ठेवायला सांगतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. मोठ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री स्वप्नं पडणारी झोप जवळजवळ नाहीशी होते. भूल, जखमेमुळे शरीरात उठलेला दाह आणि अफूजन्य औषधं, सगळ्यांचा तो परिणाम. मग दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या सुमारास ती झोप उसळी मारून परत येते. विचित्र, भीतीदायक स्वप्नं पडतात, छाती धडधडून जाग येते. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. तसं नसतं. पण रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलतोय, दिवस-रात्र ओळखत नाही, असं दिसलं तर मात्र लगेच कळवायचं. वयस्कर रुग्णांत तर विशेष.

पंचगंगा (दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५०)

डॉक्टर, चूक मान्य. मी ट्रामाडॉल आधीच बंद केलं होतं, पण हे मला ठाऊक असतं तर गोळीला हात लावला नसता. तरी एक म्हणणं आहे. असलं वाचून लोक दुखायची गोळीसुद्धा टाळतात. माझी आई "सवय लागंल" म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रात्रभर कण्हत पडली, पण गोळी घेतली नाही. ते बरोबर आहे का?

भूलतज्ज्ञ (सकाळी ८:२०)

अजिबात नाही, आणि हे तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. दुखत असताना झोप नाही आणि झोप नसली की दुखणं वाढतं, हे चक्र खरं आहे. निरोगी माणसाची एक रात्रीची झोप तोडली तरी दुसऱ्या दिवशी तोच चटका त्याला जास्त लागतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. दुखण्यामुळे झोप बिघडते त्याहून झोप बिघडल्यामुळे दुखणं वाढतं, हे नातं जास्त पक्कं असल्याचे पुरावे आहेत. तेव्हा लिहून दिलेली पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे घ्यायची, दुखायला लागायची वाट बघायची नाही. शेवटची मात्रा झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल असं वेळापत्रक डॉक्टरांकडून मांडून घ्या. दिवसाची कमाल मर्यादाही त्यांच्याकडूनच लिहून घ्या, कारण सर्दीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेलं असतं. ट्रामाडॉल सुरू असेल तर पोट साफ राहायला इसबगोल आणि पाणी. मलावरोधानं जागलेले रुग्ण मी खूप पाहिलेत.

रातराणी (दुपारी ३:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लोड शोधला. माळ्यावर होता, लेकीच्या लग्नात केलेला. पांढरा अभ्रा घालून पायांत घेतला, ओढणीनं बांधला, घोट्याखाली पंचा. पहिल्यांदा सलग पावणेतीन तास झोपले. टाच जळली नाही. सर्जनना फोन करून डाव्या कुशीबद्दल विचारलं, ते म्हणाले, लोड असेल तर हरकत नाही. पाच आठवडे मी विचारलंच नव्हतं, कारण कार्डावर लिहिलं नव्हतं.

यारातीर (दुपारी ४:४५)

मेलबर्नहून लिहितेय. माझं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं, डाव्या खुब्याचं. रातराणीताई, तुम्हाला कुणी झोपेबद्दल विचारलं नाही, मला विचारलं होतं, आणि त्यामुळे किती फरक पडतो ते सांगायचंय.

ऑपरेशनआधी एक प्रश्नावली भरून घेतली. पिट्सबर्गच्या डॅनियल बायसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये केलेली, जगभर वापरतात. गेल्या महिन्याबद्दल १९ प्रश्न. किती वाजता पडता, झोप लागायला किती मिनिटं, खरी झोप किती तास, का जाग येते, गोळी घेता का, दिवसा पेंगता का. त्यातून सात गुण निघतात, प्रत्येकी ० ते ३, एकूण ० ते २१. पाचाच्या वर गेलं की झोप खराब. माझे १४ आले. मी रडले. इतकी वर्षं "मला झोप येत नाही" ही तक्रार वाटत होती, आज तिला आकडा मिळाला. फिजिओनं तो कागद फाइलला लावला आणि पुढच्या प्रत्येक भेटीत झोपेपासून बोलणं सुरू केलं.

दीड महिन्यांनी परत भरली तर १६. म्हणजे ऑपरेशननंतर आधी बिघडतं, हे मान्य करा. सहा आठवडे कुबड्या, उताणं झोपणं, रात्री बाथरूमला उठायची दहशत. तीन महिन्यांनी ११. सहा महिन्यांनी ७. वर्षानं ५. हे माझे आकडे, दुसऱ्याचे वेगळे येतील. पण क्रम लक्षात ठेवा, चालणं आधी सुधारलं, झोप मागून आली. शस्त्रक्रिया केलेल्या कुशीवर मी पाचव्या महिन्यात पहिल्यांदा वळले, तेही गादीवर जाड दुलई दोनदा घडी घालून. दहा मिनिटं. तारीख अजून पाठ आहे.

एक चूक सांगते. निद्रानाशासाठी इथे मला आधी वर्तनोपचार शिकवला होता. त्यात नियम असा की वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत जायचं. एरवी तो नियम उत्तम आहे, दीर्घ निद्रानाशासाठी गोळीआधी हाच उपचार सुचवतात. पण कुबड्यांवरच्या माणसाला रात्री अडीच वाजता अंधारात दुसऱ्या खोलीत पाठवणं म्हणजे पडायला आमंत्रण. मी एकदा दाराच्या चौकटीला अडखळले, थोडक्यात वाचले. नंतर पलंगाला लागून हात असलेली खुर्ची ठेवली. जाग आली की तिथे बसायचं, मंद दिवा, जपमाळ किंवा विणकाम, पेंग आली की परत आडवं. खुर्ची उंच हवी, बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील इतकी.

धाकटा (रात्री १०:३०)

आईची शुश्रूषा करतोय, म्हणून सोबतच्या माणसाच्या झोपेबद्दल लिहितो. पहिला आठवडा मी आईच्या पलंगाखाली गादी टाकून झोपलो आणि प्रत्येक हुंकाराला उठलो. आठव्या दिवशी दुपारी गाडी चालवताना डुलकी लागली. तेव्हापासून ताईनं आणि मी रात्री वाटून घेतल्या. देवघरातली छोटी घंटा आईच्या उशाशी दिली. ती वाजली तरच उठायचं. आईलाही बरं वाटलं, कारण आपण कूस बदलली की पोरगा उठतो या धास्तीनं ती हलतच नव्हती.

लघवीसाठी: संध्याकाळी सातनंतर चहा बंद, पाणी दिवसा भरपूर. रक्तदाबाची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी संध्याकाळची सकाळी करता येईल का, ते डॉक्टरांना विचारलं, त्यांनी बदलून दिली. पलंगापाशी कमोडची खुर्ची भाड्यानं आणली. आईनं दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या रात्री स्वतःच मागितली.

माणदेशी (रात्री ११:१५)

आमच्याकडं सगळे जमिनीवर झोपतात. ऑपरेशन झालेल्या माणसाला जमिनीवरनं उठताना खुबा पूर्ण वाकतो आणि पाय आत येतो. वहिनीसाठी शेजारच्याकडनं लोखंडी खाट आणली, चारी पायांखाली दोन-दोन विटा लावल्या, दोन लाकडी फळ्या टाकल्या, वर गादी आणि गोधडी. नवारीची खाट नको, मध्ये झोळ पडतो. उन्हाळ्यात लाइट जाते म्हणून मच्छरदाणी आधी बांधा, चालू पंख्याच्या भरवशावर राहू नका. मच्छर चावला की पाय हलतो आणि मग ठणका.

रातपाळी (पहाटे ४:३५)

मी १८ वर्षं सर्जिकल वॉर्डात परिचारिका आहे. हे कामावरून सुटता सुटता लिहितेय. वॉर्डात रुग्ण झोपत नाही यात आमचा वाटा मोठा आहे आणि मला ते बोचतं. जागतिक आरोग्य संघटनेनं रुग्णांच्या खोलीत रात्री ३० डेसिबल आवाजाची शिफारस केली आहे. कुजबुज तेवढी असते. आमच्याकडे ट्रॉलीची चाकं, पंपाचा गजर, नातेवाइकांचे फोन, पहाटे पाचला फरशी पुसणं. दर चार तासांनी रक्तदाब घ्यावा लागतो, तो पहिल्या रात्री टाळता येत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रुग्ण स्थिर असेल तर रक्तदाब, सलाइन बदलणं, इंजेक्शन एकाच फेरीत करता येतं. मी गेली चार वर्षं हे सांभाळते. एका फेरीत तीन कामं उरकली की रुग्णाला सलग चार तास मिळतात.

तुम्ही रुग्ण असाल तर विचारा: "सिस्टर, रात्री कितीला येणार? एकदाच येता येईल का?" आम्हाला राग येत नाही. कानात घालायचा कापूस, डोळ्यांवर घ्यायला काळा रुमाल, घरची उशी, एवढं पिशवीत असू द्या. घरच्या उशीचा वास ओळखीचा असतो, त्यानं रुग्ण शांत होतो, मी कितीदा पाहिलंय.

रातराणी (सहा आठवड्यांनी, सकाळी ७:४०)

धागा वर आणतेय, कारण सांगण्यासारखं आहे. आज ७७ वा दिवस.

यारातीर यांनी लिहिल्यावर मी शाळेच्या जुन्या हजेरी वहीत झोपेची नोंद सुरू केली. किती वाजता पडले, किती वेळा जाग, कशानं जाग (पाठ, टाच, लघवी, घाम, विचार), सकाळी कसं वाटलं. दोन आठवड्यांत एक गोष्ट कागदावर उघडी पडली. माझ्या जागांपैकी निम्म्याहून जास्त खुब्यानं नव्हत्याच. घाम फुटून यायच्या. मी सगळ्याचा दोष ऑपरेशनला देत होते. आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याचे उपचार सुरू झाले.

दुसरं दिसलं ते दुपारच्या झोपेचं. ज्या दिवशी दुपारी दोन-दोन तास पडले त्या रात्री जागरण. आता दुपारी अर्धा तास, घड्याळ लावून. सकाळी गॅलरीत उन्हात बसून चहा, तिथेच फिजिओचे व्यायाम.

ही वही तपासणीला घेऊन गेले. सर्जननी पानं चाळली, थांबले, परत पहिल्यापासून वाचली. म्हणाले, "हे मला आधी कुणी दाखवलं नव्हतं." त्यांनी रात्रीच्या गोळीची वेळ बदलली आणि उशीची सूचना आता कार्डावर सविस्तर छापून घेणार म्हणाले. मी फिजिओ_नाशिक यांचा मजकूर त्यांना वाचायला दिला.

झोप: काल पाच तास दहा मिनिटं, मध्ये एक जाग. चार महिन्यांपूर्वी मला हे कुणी दिलं असतं तर मी नको म्हटलं असतं. आज मी ते वहीत लाल शाईनं लिहिलं.

फिजिओ_नाशिक (सकाळी ९:००)

ताई, डोळे भरून आले. मजकूर खुशाल वापरा. एक सावधगिरी: आता बरं वाटायला लागलंय, याच काळात बायका लोड सोडून देतात. अजून निदान तीन महिने सोडू नका.

अबोली (सकाळी १०:२०)

आईचं ऑपरेशन परवा आहे. पिशवीत लोड, ओढणी, पंचा, घरची उशी, कापूस, काळा रुमाल, वही आणि लाल-निळं पेन भरलंय. घोरण्याबद्दल भूलतज्ज्ञांना सांगितलं, त्यांनी मान मोजली, यादी भरली. एक प्रश्न राहिला. हॉस्पिटलचा पलंग अरुंद आहे, लोडासकट ती मावेल का?

रातपाळी (सकाळी १०:५५)

मावेल. कठडे दोन्ही बाजूंनी वर ठेवायला सांगा आणि लोड पलंगाच्या लांबीत बसतो का ते आजच मोजून घ्या. साडेतीन फुटांपेक्षा लांब असेल तर पायथ्याच्या पट्टीला टेकून पावलं वर ढकलली जातात. मग एका टोकाची शिवण उसवा, जास्तीचा कापूस काढा आणि परत टाचा.

अबोली (सकाळी ११:३०)

मोजला, चार फूट. उसवायला बसतेय.